रील त्यांचं, लेकरू आपलं

आमच्या बीडकडे संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आता वाणाच्या आधी कॅमेरा येतो. निवडणूक जवळ आली की हळदीकुंकवं वाढतात, यात नवीन काही नाही. पूर्वी इच्छुक उमेदवार वहिनी स्टीलचा डबा द्यायच्या, एखादा उखाणा घ्यायला लावायच्या आणि आपण डबा पिशवीत टाकून घरी यायचो. आता दोन पोरं मोबाईल घेऊन मागे-पुढे पळत असतात. "मावशी, जरा हसा. ताईंना ओवाळा. परत एकदा, गाण्याशी जुळलं नाही." तिसऱ्यांदा ओवाळेपर्यंत निरांजन विझलेलं असतं, पण कॅमेऱ्यात ते कुठं दिसतंय! संध्याकाळी तेच वीस सेकंदांचं रील, सध्या चालू असलेल्या गाण्यावर, गल्लीतल्या प्रत्येक मोबाईलवर हजर. खाली ओळ: 'माता-भगिनींचा कौल'. कौल दिला कधी, तेच कळत नाही. आम्ही तर तिळगूळ घ्यायला गेलो होतो.

मला रील्सचं वावडं नाही, हे आधीच सांगते. दुपारी भांडी आवरली की मीही अर्धा तास बघते. जून २०२० मध्ये टिकटॉकवर बंदी येईपर्यंत आपल्या मराठवाड्यातल्या कितीतरी बायकांनी शेतात, चुलीपुढे, म्हशीच्या गोठ्यात उभं राहून व्हिडिओ केले. ज्या सुनेला चारचौघांत तोंड वर करायची मुभा नव्हती ती सून नाचली, बोलली, सासूलाही नाचवलं. पुढे इन्स्टाग्राम आलं आणि करमणूक चालू राहिली. त्यात वाईट काहीच नव्हतं. पण जिथं चार बायका जमतात तिथं पुढारी येणारच. तसे ते इथेही आले.

महाराष्ट्रात व्हिडिओचं राजकारण खऱ्या अर्थानं गाजलं ते २०१९ च्या लोकसभेला. राज ठाकरे यांच्या पक्षाचा एकही उमेदवार उभा नव्हता, पण त्यांच्या सभांना गर्दी मावत नव्हती. मोठा पडदा लावायचा, 'लाव रे तो व्हिडिओ' म्हणायचं आणि सरकारच्या जुन्या घोषणा नि जाहिराती लोकांना परत दाखवायच्या. मेळघाटातलं हरिसाल हे पहिलं डिजिटल गाव म्हणून जाहिरातीत झळकलं होतं. त्या जाहिरातीतल्या तरुणालाच त्यांनी मंचावर उभं केलं. निकाल लागला तेव्हा ४८ पैकी ४१ जागा भाजप-शिवसेना युतीलाच मिळाल्या. टाळ्या एकीकडे पडल्या आणि मतं दुसरीकडे. पण त्या व्हिडिओत एक गोष्ट होती. तो जाब विचारत होता. तुम्ही असं म्हणाला होता, आता हे बघा, असं त्याचं म्हणणं होतं.

तीन वर्षांनी, जून २०२२ मध्ये, सांगोल्याचे आमदार शहाजीबापू पाटील यांचं गुवाहाटीच्या हॉटेलातून कार्यकर्त्याशी झालेलं फोनवरचं बोलणं बाहेर आलं. 'काय झाडी, काय डोंगार, काय हाटील' हे तुम्हाला पाठ असेल, मलाही आहे. लग्नाच्या वरातीत वाजलं, शाळेच्या गॅदरिंगला वाजलं, बाळाच्या बारशालाही वाजलं. आता जरा आठवून बघा. तेव्हा राज्याचं सरकार पडत होतं. आपण निवडून दिलेले आमदार परराज्यात जाऊन बसले होते. ते का गेले, हॉटेलचं बिल कोण भरतंय, आपली कामं कोण करतंय, हे विचारायचे दिवस होते आणि आपण गाण्यावर ठेका धरला होता. ट्रेंडची गंमत हीच असते. प्रश्न चावायच्या आतच तोंडात साखर पडते. बापू स्वतः नोव्हेंबर २०२४ मध्ये सांगोल्यातून हरले, म्हणजे रील चाललं तरी मत चालेलच असं नाही, हे पुढाऱ्यांनाही कळलं असणार. तरी ते रील सोडत नाहीत. आपलं नाव रोज आपल्या डोळ्यांपुढून जावं, एवढंच त्यांना पुरतं.

परदेशात यापेक्षा मोठी गोष्ट घडली. इंडोनेशियाचे प्रबोवो सुबियांतो हे लष्करातले बडे अधिकारी होते. १९९८ मध्ये कार्यकर्त्यांच्या अपहरणाच्या प्रकरणात त्यांचं नाव आलं, लष्करातूनही बाहेर पडावं लागलं. फेब्रुवारी २०२४ च्या निवडणुकीत टिकटॉकवर त्यांचा नाच सुरू झाला, गोंडस आजोबांचं कार्टून फिरलं आणि ते पहिल्याच फेरीत निवडून आले. मतदारांत तरुण पोरं पुष्कळ होती. त्यांतल्या कितीतरी जणांच्या जन्माआधीची ती १९९८ ची गोष्ट. त्यांना आजोबा दिसले, अधिकारी दिसला नाही.

आपल्याकडे मात्र हे प्रकरण नुसत्या नाचावर थांबत नाही. आता बीडचं सांगते. इथं बसून मी हे लिहितेय, तर ते टाळणं बरं दिसणार नाही.

३० ऑक्टोबर २०२३. मराठा आरक्षणाचं आंदोलन तापलेलं होतं. माजलगावचे आमदार प्रकाश सोळंके मनोज जरांगे पाटलांबद्दल बोलल्याची म्हणून एक क्लिप फिरली. ती ऐकायला दोन मिनिटंही लागत नाहीत. त्याच दिवशी त्यांच्या घरावर जमाव गेला, गाड्या जळाल्या, घर पेटलं. बीड शहरात आमदार संदीप क्षीरसागर यांचं घर जाळलं. संचारबंदी लागली, इंटरनेट बंद झालं. मग धरपकड झाली आणि शेकडो पोरांची नावं पोलिसांच्या कागदावर चढली. क्लिप कोणी पुढे पाठवली, कोणी त्यावर गाणं लावलं, कोणी 'आता नाही तर कधीच नाही' लिहिलं, ते सगळे आपापल्या घरी सुरक्षित. जामिनासाठी वकिलाच्या दारात बसल्या त्या आया. कुणी डोरलं गहाण ठेवलं, कुणी शेळ्या विकल्या.

२०२४ ची लोकसभा त्याहून कडू गेली. पंकजाताई मुंडे आणि बजरंग सोनवणे यांच्यात लढत होती. १३ मे ला मतदान झालं, ४ जूनला निकाल लागला आणि पंकजाताई ६,५५३ मतांनी हरल्या. एवढ्या मोठ्या मतदारसंघात साडेसहा हजार म्हणजे काहीच नाही. पण त्याच्या आधी आणि नंतर मोबाईलवर जे चाललं होतं, त्यात विकास, पाणी, रेल्वे यातलं काही नव्हतं. मराठा की वंजारी, मराठा की ओबीसी, एवढंच होतं. दुसऱ्या जातीच्या दुकानात जाऊ नका असे संदेश फिरले. पोस्टींवरून गावं बंद झाली. निकालानंतर काही तरुण समर्थकांनी जीव दिला. असं करू नका, मला हे सहन होत नाही, अशी विनवणी खुद्द पंकजाताईंना करावी लागली. हरलेल्या उमेदवाराला पुढे दुसरी वाट सापडते. त्या जुलैत त्या विधान परिषदेवर गेल्या, डिसेंबरमध्ये मंत्रीही झाल्या. गेलेल्या पोरांच्या घरात मात्र अजून एक ताट कमीच वाढलं जातं.

त्या काळात आमच्या बचत गटाच्या बैठकीला अर्ध्या बायका येईनात. दहा वर्षं एकमेकींच्या कर्जाला जामीन राहिलेल्या बायका. कारण विचारलं तर म्हणे, "तिच्या पोराचं स्टेटस बघितलं का?" पोराच्या स्टेटसवर आईचा काय इलाज? आईला तर स्टेटस म्हणजे काय हेही धड माहीत नाही. तिचं खातं पोरानंच उघडून दिलेलं.

९ डिसेंबर २०२४ ला केज तालुक्यातल्या मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचा अपहरण करून खून झाला. मार्च २०२५ मध्ये दोषारोपपत्रातले फोटो बाहेर आले आणि दुसऱ्याच दिवशी धनंजय मुंडे यांना मंत्रिपदाचा राजीनामा द्यावा लागला. छळ करतानाचे व्हिडिओ आरोपींनी स्वतःच काढले होते, हे वाचून माझ्या हाताला कापरं भरलं होतं. ते फोटो घराघरातल्या मोबाईलवर आले, लहान लेकरांनीही बघितले. देशमुखांची लेक तेव्हा बारावीत होती. न्यायासाठी ते बाहेर येणं गरजेचं होतं हे मान्य. पण बापाचे शेवटचे क्षण फोनवरून फोनवर फिरताना बघणाऱ्या लेकीचं काय होत असेल, हा विचार पुढे पाठवणाऱ्या किती जणांनी केला?

त्याच सुमारास कळलं की आपल्या जिल्ह्यात बाराशेहून जास्त बंदुकीचे परवाने आहेत. कमरेला पिस्तूल, मागे पांढरी गाडी, त्यावर दमदार गाणं आणि वर कुठल्या ना कुठल्या 'भाऊ'चा, 'अण्णा'चा फोटो. असली रील्स आपल्याकडे वर्षानुवर्षं चालली आणि कुणालाच त्याचं काही वाटलं नाही. खुनानंतर पोलिसांनी अशा रील्सवर गुन्हे दाखल केले, परवाने रद्द केले. २०२५ मध्ये तर आमच्या पोलिसांच्या टेबलावर आणि छातीवर आडनाव काढून नुसतं नाव लिहायचं ठरलं. जात दिसू नये म्हणून. बघा, सरकारी खात्याला पाटी बदलावी लागली, इतकं ते विष वर चढलं होतं.

आता मुद्द्याचं बोलते. बीडमधल्या कुठल्याही मैदानावर पहाटे पाचला जा. पोरं-पोरी धावताना दिसतील. पोलीस भरतीची तयारी. ऊसतोडीचा कोयता आपल्या हातात येऊ नये म्हणून धावतात ती. निवड झाली की चारित्र्य पडताळणी होते. फॉर्ममध्ये लिहावं लागतं, तुमच्यावर गुन्हा दाखल आहे का. लपवलं तर निवड जाते, सांगितलं तर चौकशी लागते, आणि खटला निकाली निघेपर्यंत वय निघून जातं. भाऊच्या वाढदिवसाचं रील, दुसऱ्या समाजाला डिवचणारं रील, हातात तलवार घेऊन केक कापतानाचं रील. पोरानं केलेलं असतं भाऊसाठी, गुन्हा पोरावर. भाऊ दुसऱ्या दिवशी पत्रकारांना सांगतो, तो माझा अधिकृत कार्यकर्ता नाही. हे मी माझ्या ओळखीच्या तीन घरांत बघितलंय. एका घरातल्या पोराची उंची, छाती, धावणं सगळं बसलं होतं.

आणि बायकांचं काय? आपण या रील्समध्ये असतो, पण शोभेला. कलश डोक्यावर घेतलेल्या, फेटे बांधलेल्या, राखी बांधणाऱ्या. २०२४ मध्ये लाडकी बहीण योजना आली, रक्षाबंधनाच्या आधी दीड हजाराप्रमाणे पैसे खात्यात आले. त्यांचा उपयोग झाला, नाही असं मी म्हणणार नाही. गोळ्या-औषधं, वह्या, गॅसची टाकी यात गेले. अजित पवार यांनी त्या विधानसभेला गुलाबी जाकीट घातलं, सगळी प्रचारमोहीम गुलाबी केली. राख्यांची रील्स तर मोजता येणार नाहीत इतकी. पुढे सप्टेंबर २०२५ मध्ये ई-केवायसी करा असं आलं. त्यात नवऱ्याचं नाहीतर वडिलांचं आधार मागितलं. ज्यांचे दोघंही गेलेत अशा बायका सेतू केंद्रावर उन्हात रडकुंडीला आल्या. ओटीपी कुणाच्या तरी जुन्या नंबरवर जाई. नंतर सरकारनं त्यांच्यासाठी वेगळी सोय केली, मुदतही वाढवली. पण त्या रांगेचं रील काढायला कोणी पोरगा आला नव्हता. शेवटी आमच्या गटातल्या एकीच्या लेकीनं, बीएला आहे ती, कोणते कागद न्यायचे, काय बोलायचं, याचा मिनिटभराचा व्हिडिओ केला. ना गाणं, ना फेटा. शेजारच्या दोन तालुक्यांतून तिला फोन आले.

हेच साधन आहे, मोबाईल तोच आहे. म्हणून रील्स बंद करा असं मी म्हणत नाही. सप्टेंबर २०२५ च्या पुरात शेजारच्या धाराशिवचे खासदार ओमराजे निंबाळकर परंडा तालुक्यात पाण्यात उतरल्याचा व्हिडिओ सगळीकडे फिरला. मला तो खटकला नाही. माणूस छातीभर पाण्यात होता आणि समोर अडकलेलं कुटुंब होतं. त्याच पुरात मदतीच्या पिशव्यांवर नेत्यांचे फोटो छापून आले, ते मात्र खटकलं. ज्या बाईचं पीठ, मीठ, गोधडी वाहून गेली तिनं पिशवी घेताना कॅमेऱ्याकडे बघायचं! त्याच महिन्यात १७ तारखेला, मराठवाडा मुक्तिदिनी, बीडला पहिली रेल्वे आली. नव्वदच्या दशकात मंजूर झालेली गाडी. त्या दिवशी मीही स्टेशनवर गेले होते, डोळ्यांत पाणी आलं. पण रात्री मोबाईलवर बघितलं तर प्रत्येक पक्षाच्या रीलमध्ये गाडी त्यांच्याच नेत्यानं आणलेली. तीस वर्षं का लागली, हे मात्र एकाही रीलमध्ये नव्हतं.

आणखी एक गोष्ट एकाही रीलमध्ये दिसत नाही. बीड जिल्ह्यात तीन वर्षांत गर्भाशय काढण्याच्या ४,६०५ शस्त्रक्रिया झाल्या, असं सरकारनं २०१९ मध्ये विधिमंडळात सांगितलं. पाळी आली की खाडा होतो, खाडा झाला की मुकादम पैसे कापतो, म्हणून पिशवीच काढून टाकणाऱ्या ऊसतोड बायका आपल्याच गावच्या. या जिल्ह्यानं बायकांना निवडून दिलं नाही असंही नाही. केशरकाकू क्षीरसागर, रजनीताई पाटील, प्रीतमताई मुंडे खासदार झाल्या, विमलताई मुंदडा मंत्री झाल्या. पण दिवाळीच्या तोंडावर ट्रकवर चढणाऱ्या बाईवर गाणं चालत नाही.

उलट बाई बोलली, किंवा नुसतं तिचं नाव आलं, तरी काय होतं ते डिसेंबर २०२४ मध्ये आपण बघितलंच. चर्चा चालू होती सरपंचाच्या खुनाच्या तपासाची. आष्टीचे आमदार सुरेश धस यांनी बोलता बोलता अभिनेत्री प्राजक्ता माळी यांचं नाव घेतलं. झालं! खून राहिला बाजूला आणि तिच्या नावाच्या क्लिप्स सुरू. तिला पत्रकार परिषद घ्यावी लागली, महिला आयोगाकडे तक्रार करावी लागली, तेव्हा कुठं धसांनी दिलगिरी व्यक्त केली. ती नावाजलेली कलाकार, म्हणून तिला माईक तरी मिळाला. तालुक्याच्या गावातल्या बाईनं एखाद्या उमेदवाराच्या व्हिडिओखाली 'आमच्या गल्लीत आठ दिवसांनी पाणी येतं' एवढंच लिहिलं, तर त्याखाली जे येतं ते या पानावर छापता येणार नाही. घरी दीर विचारतो, "तुला कुणी सांगितलं होतं लिहायला?"

खालून वर जाणारा ट्रेंडही असतो, तो नेपाळनं दाखवला. पुढाऱ्यांच्या मुलांच्या चैनीचे व्हिडिओ तिथल्या पोरांनी जुळवले आणि आमच्या घरात परदेशी मजुरीशिवाय भाकरी नाही, हे त्याच्या शेजारी ठेवलं. सरकारनं सप्टेंबर २०२५ मध्ये समाजमाध्यमंच बंद केली. पोरं रस्त्यावर आली, पंतप्रधान ओलींना जावं लागलं आणि सुशीला कार्की या निवृत्त सरन्यायाधीश बाई हंगामी पंतप्रधान झाल्या. ऐकायला छान वाटतं. पण पहिल्याच दिवशी १९ जण गोळीबारात गेले. तिथंही गेली ती पोरंच.

कायदा अगदीच झोपलेला नाही, हेही सांगायला हवं. लोकसभा-विधानसभेला उमेदवारानं अर्जासोबत आपली समाजमाध्यमांवरची खाती सांगायची असतात. पैसे देऊन केलेली जाहिरात आधी समितीकडून मंजूर करून घ्यायची असते आणि तिचा खर्च हिशेबात दाखवायचा असतो. विधानसभेला ती मर्यादा ४० लाखांची. खोटे, बनावट व्हिडिओ कळल्यापासून तीन तासांत काढा, असं निवडणूक आयोगानं मे २०२४ मध्ये पक्षांना बजावलं. 'सी-व्हिजिल' नावाचं ॲप आहे. साडी वाटताना, पाकीट वाटताना दिसलं तर आपण तिथूनच व्हिडिओ टाकायचा, १०० मिनिटांत दखल घ्यायची असं ठरलंय. आपल्या मोबाईलवर ते ठेवायला काहीच हरकत नाही. पण गल्लीतल्या पोरानं 'भाऊवरच्या प्रेमापोटी' केलेलं रील कुठल्याच हिशेबात येत नाही. खरी पळवाट तिथंच आहे. प्रेमापोटी केलं म्हणजे खर्च शून्य आणि जबाबदारीही शून्य.

म्हणून आमच्या गटात आम्ही दोन गोष्टी ठरवल्या. आमचा चेहरा वापरायचा असेल तर आधी विचारायचं, आणि खाली काय लिहिणार ते दाखवायचं. एका उमेदवाराच्या पोरांना आम्ही म्हटलं, ओवाळतो, पण त्याच रीलमध्ये भाऊंनी आमच्या नालीचं काय करणार ते बोलायचं. पोरं हसली. भाऊ मात्र गाडीत जाऊन बसले. दुसरी गोष्ट पोरांची. ज्यांची पोरं पुढाऱ्यांची रील्स करतात, त्यांनी पोराला सांगायचं की कामाचे पैसे माग, पावती माग. मोठ्या शहरातल्या कंपन्या याच कामाचे लाखांनी घेतात. आपलं पोरगं वडापाव आणि मोबाईलच्या रिचार्जवर रात्र रात्र जागतं. पावती असली की उमेदवाराच्या हिशेबात नाव येतं, आणि उद्या काही झालं तर 'तो माझा कार्यकर्ता नाही' म्हणायची सोय राहत नाही.

आमच्या मागच्या गल्लीतल्या एका पोरानं खरंच पैसे मागितले. चांगला हात आहे त्याचा, दोन निवडणुका त्यानं फुकट केल्या होत्या. त्याला उत्तर मिळालं, "अरे, तू तर घरचाच आहेस." तो आता लग्नांचं शूटिंग करतो आणि अर्धे पैसे आगाऊ घेतल्याशिवाय कॅमेरा बॅगेतून बाहेर काढत नाही.